कृषी विद्यापीठाचा संशोधन संचालक निवडताना: या कामाला पहिल्यांदाच लागणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली आणि अकोल्याचे १९६९ साली सुरू झाले. परभणी व दापोली ही दोन्ही १९७२ सालची. प्रत्येक विद्यापीठात कुलगुरूंच्या खालोखाल तीन वरिष्ठ पदे असतात. अधिष्ठाता व शिक्षण संचालक अध्यापनाचे काम पाहतात, विस्तार शिक्षण संचालक शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे काम पाहतात आणि संशोधन संचालक विद्यापीठाच्या सगळ्या संशोधनाची जबाबदारी वाहतात. हा लेख या तिसऱ्या पदाच्या भरतीविषयी आहे. आस्थापना शाखेत नव्याने आलेले अधिकारी, छाननी समितीवर पहिल्यांदा नेमलेले प्राध्यापक आणि निवड समितीत बाहेरून येणारे तज्ज्ञ यांना समोर ठेवून तो लिहिला आहे. या प्रक्रियेच्या कागदपत्रांत माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि तिच्यात कुठे घाई होते व कुठे विनाकारण वेळ जातो, हे मी जवळून पाहिले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सारे टप्पे तिच्यावर उभे आहेत. संशोधन संचालक हे विद्यापीठातल्या सर्वांत मोठ्या संशोधकाला देण्याचे मानाचे पद नाही. इतरांचे संशोधन वर्षानुवर्षे खंड न पडता चालू ठेवणाऱ्या माणसाचे ते पद आहे. को ८६०३२ या ऊसवाणाच्या नावातच १९८६ हे साल आहे, आणि महाराष्ट्रासाठी त्याची शिफारस झाली ती १९९६ साली. मधल्या दहा वर्षांत किती अधिकारी बदलले असतील, याचा विचार करावा. आज निवडलेला संचालक आपल्या कारकिर्दीत जे वाण प्रसारित करील, त्यांतील बहुतेक त्याच्या आधीच्यांनी सुरू केलेले असतील, आणि तो ज्यांची पेरणी करील त्यांचे फळ त्याच्या निवृत्तीनंतर दिसेल. हे मनाने स्वीकारलेला उमेदवार शोधणे हेच निवड समितीचे खरे काम आहे.

आधी पद समजून घ्यावे

जाहिरातीचा मसुदा हाती घेण्यापूर्वी या पदाखाली नेमके काय काय येते, याची यादी स्वतः करावी. जुन्या फाइलमधली यादी जशीच्या तशी उतरवू नये, कारण केंद्रे बदलतात, योजना बंद पडतात आणि नव्या सुरू होतात.

संशोधन संचालकाच्या अखत्यारीत प्रथम येतात ती संशोधन केंद्रे. पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र, निफाडचे गव्हाचे केंद्र, मोहोळचे ज्वारीचे, सोलापूरचे कोरडवाहू शेतीचे, बदनापूरचे कडधान्यांचे, नांदेडचे कापसाचे, कर्जतचे भाताचे, वेंगुर्ल्याचे फळपिकांचे, सिंदेवाहीचे भाताचे, ही चारही विद्यापीठांतल्या केंद्रांपैकी काही नावे. राज्याचे नऊ कृषी हवामान विभाग मानले जातात आणि त्या त्या विभागाच्या गरजेप्रमाणे ही केंद्रे उभी राहिली आहेत. प्रत्येक केंद्राकडे स्वतःची जमीन, मजूर, विहिरी, गोदाम, जुनी यंत्रे आणि बहुधा एखादा सीमावादही असतो. संचालकाला या सगळ्याकडे पाहावे लागते.

दुसरा मोठा भाग म्हणजे अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प, म्हणजे एकेका पिकावर किंवा विषयावर देशभरच्या केंद्रांत एकत्रितपणे चालणारे संशोधन. यांचा खर्च भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि राज्य यांच्यात साधारणपणे ७५ व २५ टक्के असा विभागला जातो. राज्याचा हिस्सा वेळेवर आला नाही किंवा उपयोगिता प्रमाणपत्र (मिळालेला निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) अडकले, तर शेतातला प्रयोग थांबत नाही, पण मजुरांची मजुरी थांबते आणि मग प्रयोगही बिघडतो. हा पैशांचा ओघ सांभाळणे हे संचालकाचे रोजचे काम आहे आणि मुलाखतीत त्याविषयी क्वचितच विचारले जाते.

तिसरा भाग पैदासकार बियाण्याचा. विद्यापीठाने वाण दिला की काम संपत नाही. मूळ केंद्रक बियाण्यापासून पैदासकार, त्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित बियाणे अशी साखळी चालते, आणि तिचे पहिले कडे विद्यापीठाच्या हाती असते. ते कमकुवत झाले तर महाबीज या राज्य बियाणे महामंडळासारख्या संस्थांना पुढे बियाणे वाढवता येत नाही आणि चांगला वाण शेतकऱ्याच्या शेतात पोहोचण्याआधीच विस्मरणात जातो.

चौथा भाग म्हणजे दर वर्षी होणारी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीची बैठक, जिला सगळेजण ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात. चारही विद्यापीठे आपले नवे वाण, अवजारे आणि लागवडीच्या शिफारशी तिथे मांडतात आणि इतर विद्यापीठांचे शास्त्रज्ञ त्यांची कसून तपासणी करतात. आपल्या विद्यापीठाची कोणती शिफारस या बैठकीत न्यायची आणि कोणती अजून एक वर्ष तपासायची, हे ठरवण्यात संचालकाची बौद्धिक सचोटी दिसते.

कृषी विज्ञान केंद्रे मात्र साधारणपणे विस्तार शिक्षणाच्या बाजूला येतात. दोन संचालकांच्या कामाची ही सीमा जाहिरातीतच स्पष्ट लिहिलेली बरी, कारण नव्या माणसाचा पहिला वाद अनेकदा याच ठिकाणी होतो.

नियमांची फाइल

कृषी विद्यापीठांना इतर सार्वजनिक विद्यापीठांचा २०१६ चा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्र कृषी विद्यापीठे अधिनियम, १९८३ आहे आणि त्याखालचे १९९० चे परिनियम आहेत. राज्यपाल कुलपती असतात आणि कृषिमंत्री प्रतिकुलपती. वरिष्ठ पदांची भरती विद्यापीठ एकट्याने करत नाही. पुण्यातील महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद आणि भरती मंडळ यांचा त्यात सहभाग असतो. त्यामुळे कोणता निर्णय विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेचा, कोणता पुण्याच्या परिषदेचा आणि कोणता शासनाचा, हे प्रत्येक टप्प्यासाठी आधीच कागदावर लिहून ठेवावे. नव्या अधिकाऱ्याचा निम्मा गोंधळ या एका तक्त्याने दूर होतो.

त्या फाइलमध्ये अधिनियम व परिनियम, पदाच्या अर्हतेबाबतचे शासन निर्णय तारीखवार, मंजूर आकृतिबंध (मान्य पदांची संख्या व रचना) आणि पद रिक्त झाल्याचा आदेश एवढे कागद असलेच पाहिजेत. आरक्षणाचा प्रश्न स्वतः सोडवू नये. पद एकाकी (त्या प्रकारचे एकमेव) आहे की संवर्गात मोडते, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी याचा क्रमवार तक्ता) कोणती लागू होते, हे मागासवर्ग कक्षाकडून लेखी तपासून घ्यावे आणि ती मान्यता आल्याशिवाय जाहिरात काढू नये. इथे वाचवलेले पंधरा दिवस पुढे न्यायालयात दोन वर्षे घेतात.

अर्हतेच्या निकषांबाबत एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. भरती सुरू झाल्यावर पात्रतेचे निकष मधेच बदलता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. आधीच्या नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा असेल आणि बदल मनमानी नसेल, तेवढाच अपवाद. म्हणून सादरीकरण घ्यायचे असेल, मुलाखतीला किती गुण आणि संशोधनाला किती हे ठरवायचे असेल, छाननीत मर्यादित उमेदवारांनाच बोलवायचे असेल, तर हे सारे जाहिरातीच्या आधी ठरवून तिच्यातच छापावे. अर्ज आल्यावर सुचलेली चांगली कल्पना पुढच्या भरतीसाठी राखून ठेवावी.

वेळापत्रक उलटे मांडावे

कार्यालयात वेळापत्रक पद रिक्त झाल्याच्या तारखेपासून पुढे मोजले जाते. या पदासाठी ते शेताच्या दिनदर्शिकेवरून मागे मोजावे. संचालक जुलैत रुजू झाला तर खरिपाचे प्रयोग त्याच्या येण्याआधीच पेरलेले असतात आणि ॲग्रेस्कोची बैठकही बहुधा होऊन गेलेली असते. त्या वर्षाच्या शिफारशींवर त्याचा काही हात राहत नाही. तो जानेवारी-फेब्रुवारीत आला, तर मार्चअखेरचे हिशेब त्याच्या नजरेखालून जातात, रब्बीची उभी पिके पाहता येतात, ॲग्रेस्कोची तयारी हाती घेता येते आणि पुढचा खरीप त्याचा स्वतःचा असतो.

याचा अर्थ जाहिरात आदल्या वर्षी पावसाळ्याच्या आसपास निघाली पाहिजे आणि बिंदुनामावली, आकृतिबंध वगैरे मंजुऱ्या त्याही आधी मिळाल्या पाहिजेत. सध्याचे संचालक कधी निवृत्त होणार, ही तारीख कुणालाही अचानक कळत नाही. ती त्यांच्या सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते. तरीही पद रिकामे झाल्यावर प्रस्ताव सुरू होतो आणि मधल्या काळात एखाद्या विभागप्रमुखाकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो. प्रभारी माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी तो मोठे निर्णय पुढे ढकलतो, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी त्याने तेच केले असते. एका विद्यापीठात अशा प्रभारी काळात जुन्या जननद्रव्याच्या (पैदाशीसाठी जपलेल्या नाना वाणांच्या बियाण्याच्या) संग्रहाचे नूतनीकरण एका हंगामासाठी राहून गेले, आणि नंतर त्या संग्रहातल्या कित्येक नोंदींचे बियाणे उगवलेच नाही. ज्यांनी ते गोळा केले होते, त्यांच्या कष्टांची आठवण झाली की मला आजही वाईट वाटते.

जाहिरात आणि उमेदवार शोधणे

जाहिरातीत अर्हता, वेतनश्रेणी, शेवटची तारीख आणि कागदपत्रांची यादी असतेच. त्यात आणखी एक परिच्छेद असावा असा माझा आग्रह आहे: पुढच्या पाच वर्षांत विद्यापीठासमोर कोणते प्रश्न आहेत, हे सांगणारा. विदर्भातले विद्यापीठ असेल तर कापूस आणि संत्रा, मराठवाड्यातले असेल तर सोयाबीन, तूर आणि पाण्याचा ताण, कोकणातले असेल तर आंबा, काजू आणि खारवट जमिनीतला भात, असे ठोस शब्द असावेत. ‘उत्कृष्ट संशोधन नेतृत्व’ अशा शब्दांनी कुणाला काहीच कळत नाही. ठोस प्रश्न वाचून ज्याला काहीतरी सुचते, तोच अर्ज करायला हवा.

जाहिरात छापली की उमेदवार येतील, असे धरून चालू नये. या पदाला पात्र असणारी माणसे थोडीच असतात आणि ती बहुधा कुठेतरी कामात गुंतलेली असतात. विद्यापीठांतले विभागप्रमुख आणि विभागीय केंद्रांचे सहयोगी संशोधन संचालक हे नैसर्गिक उमेदवार आहेतच. पण महाराष्ट्रातच भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कितीतरी संस्था आहेत: नागपूरला कापसाची आणि लिंबूवर्गीय फळांची, राजगुरुनगरला कांदा-लसणाची, मांजरीला द्राक्षांची, सोलापूरला डाळिंबाची, बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणांचा अभ्यास करणारी. तिथल्या शास्त्रज्ञांपर्यंत जाहिरात पोहोचवावी आणि पात्र व्यक्तींना अर्ज करण्यास मोकळेपणाने सांगावे. हे सर्वांना सारखे सांगितले, तर त्यात गैर काही नाही.

बाहेरून येणाऱ्याच्या अडचणीही आधीच समजून घ्याव्यात. जुन्या पदावरचा धारणाधिकार (तिथे परतण्याचा हक्क), निवृत्तिवेतनाची सलगता, प्रतिनियुक्तीची मुदत, घर, मुलांच्या शाळा. राहुरी किंवा दापोलीला राहायला यावे लागेल, हे शहरातल्या माणसाच्या घरी आधी बोलले गेले पाहिजे. निवड होऊनही उमेदवार रुजू न होण्याचे कारण मी पाहिले आहे ते बहुधा यांपैकीच एक होते. उमेदवार दुसऱ्या राज्यातला असेल, तर मराठीचा प्रश्नही स्पष्ट विचारावा. केंद्रावरचे मजूर, शेतसहायक आणि शिवारफेरीला येणारे शेतकरी मराठीत बोलतात, आणि त्यांचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकणारा संचालक बरेच काही गमावतो.

छाननी: इथे घाई करू नये

अर्जांची छाननी हे सगळ्यांत कंटाळवाणे आणि सगळ्यांत निर्णायक काम आहे. एकेका अर्जासोबत दोन-तीनशे पानांचे पुरावे येतात. संशोधन लेखांसाठी गुण, वाणांसाठी गुण, प्रकल्पांसाठी गुण, विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठी गुण असा तक्ता असतो आणि नवा सदस्य तो भरण्यात इतका गुंततो की आकड्यांच्या मागचा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर राहत नाही.

संशोधन लेखांची मोजणी करताना राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचे नियतकालिकांचे गुणांकन पाहिले जाते. ते ज्या वर्षी लेख छापला त्या वर्षाचे घ्यायचे की अर्जाच्या वर्षाचे, हे छाननी सुरू होण्याआधी ठरवून सर्व अर्जांना एकच नियम लावावा. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतले लेख वेगळे काढावेत. वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते आणि त्यापुढे साम्याच्या प्रमाणात कारवाई वाढत जाते. कृषी विद्यापीठाच्या नियमांत याविषयी काय म्हटले आहे ते पाहावेच, पण उमेदवाराच्या प्रमुख पाच लेखांची तपासणी करून घेण्यास कुणाची हरकत नसावी. संशोधनाचा प्रमुख होणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही शंका नंतर निघाली, तर विद्यापीठाची मान खाली जाते.

वाणांच्या दाव्यांकडे विशेष लक्ष द्यावे. वाण प्रसारित होताना प्रस्तावात पुष्कळ नावे असतात: संकर करणारा, निवड करणारा, रोगप्रतिकार तपासणारा, वेगवेगळ्या केंद्रांवर चाचण्या घेणारे आणि त्या वर्षी अधिकारपदावर असलेले. यांपैकी प्रत्येकजण पुढे आपल्या अर्जात तो वाण लिहितो आणि एका परीने ते खरेही असते. को ८६०३२ कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेत जन्मला, पण महाराष्ट्रात तो रुजवण्यात पाडेगावच्या चाचण्यांचा मोठा वाटा आहे. दोन्हींचे श्रेय खरे आहे आणि दोन्ही वेगळे आहे. म्हणून प्रत्येक उमेदवाराकडून त्याच्या तीन प्रमुख वाणांविषयी किंवा तंत्रज्ञानांविषयी एक पान लिहून मागावे: त्यातले नेमके कोणते काम तुम्ही केले, कोणत्या वर्षी आणि कुठल्या केंद्रावर. जाहिरातीत हे मागितले असेल, तर छाननीत कितीतरी गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. जो उमेदवार त्या पानावर सहकाऱ्यांची नावे स्वतःहून लिहितो, त्याच्याविषयी माझे मत चांगले होते, आणि क्वचितच नंतर ते बदलावे लागले आहे.

आणखी काही तपासण्या गुणतक्त्यात बसत नाहीत, तरी त्या कराव्यात. गेल्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल, विभागीय चौकशी चालू नसल्याचा दाखला, मालमत्तेची विवरणपत्रे, शिल्लक सेवा. उमेदवाराची सेवा दीड वर्षच उरली असेल, तर नियमाने तो पात्र असू शकतो; पण या पदासाठी दीड वर्ष किती कमी आहे, हे निवड समितीसमोर स्पष्टपणे ठेवावे.

अपात्र ठरवलेल्या प्रत्येक अर्जापुढे कारण एका पूर्ण वाक्यात लिहावे, नियमाच्या क्रमांकासह. ‘अनुभव अपुरा’ असे दोन शब्द माहिती अधिकाराच्या अर्जापुढे टिकत नाहीत.

निवड समिती बसवताना

समितीची रचना नियमांनी ठरलेली असते, पण तिच्यात कोण बसणार याला वाव असतो. एक तज्ज्ञ पीक पैदाशीचा असेल, तर दुसरा मृदा, पीक संरक्षण किंवा कृषी अभियांत्रिकीचा असावा, म्हणजे एका विषयाचा पगडा राहत नाही. ज्याने स्वतः बाहेरगावचे संशोधन केंद्र चालवले आहे, असा निदान एक माणूस समितीत असावा.

हितसंबंधांची घोषणा प्रत्येक सदस्याकडून लेखी घ्यावी, आणि ती उमेदवारांची यादी हातात दिल्यावर घ्यावी, आधी नव्हे. कृषी शास्त्राचे विश्व लहान आहे. कुणीतरी कुणाचा मार्गदर्शक असतो, कुणी सहलेखक, कुणी एकाच वसतिगृहातला. ओळख असणे हा दोष नाही. पण पीएच.डी.चा मार्गदर्शक आपल्याच विद्यार्थ्याला गुण देत असेल, तर त्या निवडीवर शिष्याचाही आयुष्यभर भार राहतो. अशा सदस्याने बाजूला व्हावे आणि तशी नोंद इतिवृत्तात असावी.

मुलाखत

पंधरा मिनिटांच्या मुलाखतीत पाच वर्षांचा संचालक निवडता येत नाही. जाहिरातीत तशी तरतूद केली असेल, तर प्रत्येक उमेदवाराला पाऊण तास तरी द्यावा आणि त्यातला मोठा भाग खऱ्या कागदांवर खर्च करावा. माझ्या पाहण्यात सर्वांत उपयोगी ठरलेली पद्धत अशी: एखाद्या केंद्राचे नाव काढून टाकून त्याचे तीन वर्षांचे हिशेब, प्रयोगांची यादी, रिक्त पदांचा तक्ता आणि बियाणे उत्पादनाचे आकडे उमेदवाराला अर्धा तास आधी वाचायला द्यावेत, आणि मग विचारावे, ‘या केंद्रावर उद्या तुम्ही गेलात तर प्रथम काय पाहाल?’ ज्याने केंद्रे चालवली आहेत, तो मजुरीच्या खर्चाकडे बोट दाखवतो, किंवा एकाच शास्त्रज्ञाच्या नावावर चार प्रकल्प आहेत हे त्याच्या लक्षात येते. ज्याने फक्त भाषणे केली आहेत, तो दूरदृष्टीविषयी बोलू लागतो.

काही प्रश्न मी नेहमी सुचवतो. तुमच्या हाताखालचा कोणता प्रयोग तुम्ही बंद केलात आणि त्या शास्त्रज्ञाला ते कसे सांगितलेत? एखादी शिफारस ॲग्रेस्कोला न्यायची नाही असे तुम्ही कधी ठरवलेत का? तुमच्या विद्यापीठातला कुठला वाण चांगला असूनही शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला नाही, आणि का? या शेवटच्या प्रश्नामागे एक इतिहास आहे. नांदेडच्या केंद्राचा एनएचएच ४४ हा संकरित कापूस एके काळी फार पसरला होता. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर खासगी संकरित वाणांनी शेते भरून टाकली, आणि विद्यापीठाचा बीटी एनएचएच ४४ महाबीजच्या साहाय्याने येईपर्यंत पुष्कळ वर्षे गेली. भागीदारी कुणाशी, कोणत्या अटींवर आणि किती लवकर करायची, हा निर्णय किती महाग पडू शकतो, हे ज्याला कळते तो उमेदवार या प्रश्नाचे उत्तर रंगवून न सांगता नेमके सांगतो.

तरुण शास्त्रज्ञांविषयीही विचारावे. केंद्रांवर पदे रिक्त असतात आणि असलेल्यांवर अध्यापन, बियाणे विक्री, पाहुण्यांची व्यवस्था अशी कामे येऊन पडतात. दूरच्या केंद्रावर नेमलेल्या सहायक प्राध्यापकाला संशोधनासाठी वेळ, साधने आणि मार्गदर्शन कसे मिळेल, याचा काही विचार उमेदवाराने केला आहे का, हे त्याच्या उत्तरातल्या तपशिलांवरून समजते.

गुण प्रत्येक सदस्याने स्वतंत्रपणे, चर्चा होण्याआधी लिहावेत आणि शाईने लिहावेत. त्यानंतर चर्चा व्हावी. चर्चेनंतर कुणाला गुण बदलायचे असतील, तर मूळ आकडा खोडू नये. शेजारी कारण आणि सही घ्यावी. इतिवृत्त त्याच दिवशी पूर्ण करून सर्वांच्या सह्या घ्याव्यात, कारण बाहेरगावचे तज्ज्ञ दुसऱ्या दिवशी निघून जातात आणि मग तीच सही मिळवायला महिना लागतो. निवडसूचीबरोबर प्रतीक्षासूचीही नियमाप्रमाणे तयार करावी. सर्व उमेदवार अयोग्य वाटले तर तसे लिहिण्याचे धैर्य समितीने दाखवावे. पुन्हा जाहिरात काढणे त्रासाचे असते, पण चुकीच्या निवडीचे परिणाम विद्यापीठाच्या साऱ्या कार्यक्षेत्रातल्या शेतांवर दिसतात.

आदेशानंतर

नेमणुकीचा आदेश निघाला की आस्थापना शाखेला आपले काम संपल्यासारखे वाटते. कार्यभार हस्तांतरणाचा नेहमीचा नमुना एका पानाचा असतो आणि त्यावर दोन सह्या होतात. या पदासाठी तो पुरत नाही. जुन्या किंवा प्रभारी संचालकाकडून सविस्तर नोंदवही तयार करून घ्यावी. चालू समन्वित प्रकल्प आणि त्यांची थकित उपयोगिता प्रमाणपत्रे, प्रसारणाच्या वाटेवर असलेले वाण आणि त्यांची चाचणीची वर्षे, वाणांच्या नोंदणीचे प्रलंबित अर्ज, केंद्रक व पैदासकार बियाण्याचा साठा, जननद्रव्याच्या संग्रहांच्या नूतनीकरणाच्या तारखा, न्यायालयातली प्रकरणे, केंद्रांच्या जमिनींवरची अतिक्रमणे, हे सगळे तिच्यात असावे. अकोला आणि परभणीसारख्या ठिकाणी दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत. त्याच तुकड्यांत तीच खते वर्षानुवर्षे दिल्याने जमिनीत काय बदलते, हे त्यांतून कळते. एका हंगामाची नोंद चुकली तर मालिकेत कायमची फट पडते. असे प्रयोग त्या वहीच्या पहिल्या पानावर असावेत.

जुने आणि नवे संचालक निदान आठवडाभर बरोबर असावेत, आणि त्यांतले तीन दिवस तरी केंद्रांवर जावेत. पहिल्या वर्षी नव्या संचालकाकडे इतर कोणताही अतिरिक्त कार्यभार देऊ नये; प्रवेश प्रक्रिया, बांधकाम समिती, स्वागत समित्या यांतून त्यांना मोकळे ठेवण्याची विनंती कार्यकारी परिषदेकडे आधीच करावी. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी सगळी केंद्रे एकदा तरी पाहिली का आणि प्रत्येक भेटीची टिपण केंद्रप्रमुखाला लेखी मिळाली का, एवढेच आस्थापना शाखेने कुलगुरूंच्या आढाव्यासाठी नोंदवून ठेवावे. फेब्रुवारीत रुजू झालेल्या माणसाचे हे सहा महिने खरिपाच्या मध्यावर पूर्ण होतात. तो आढावा कार्यालयात न घेता एखाद्या केंद्रावर, उभ्या चाचण्यांच्या बांधावर घ्यावा आणि त्या दिवशी पुढच्या रब्बीच्या प्रयोगांची यादी संचालकांनी सोबत आणावी, असे आधीच कळवून ठेवावे.